कानोसा घेणारं कापड

जरीचा एक धागा काठातून ओढून काढून नीट पाहावा. वरून तो सोन्याचा दिसतो, नखानं खरवडला की आत पिवळसर रेशीम लागतं. त्या रेशमाभोवती चांदीची चपटी केलेली तार वेटोळी घालत गेलेली असते आणि चांदीवर सोन्याचा मुलामा. ताण सोसायचा तो रेशमानं, झळकायचं ते धातूनं. हुमनाबादला मोबाईल दुरुस्तीच्या एका टपरीवर बसलो असताना मी जुन्या पदराच्या एका तुकड्यावर मल्टिमीटरच्या दोन सुया टेकवून पाहिल्या होत्या. मीटर लगेच वाजला. टपरीवाल्यानं कौतुकानं आपल्या बायकोच्या नव्या साडीचा काठ मागवला, त्यावर सुया टेकवल्या, तर मीटर मख्ख. काठ चमकत होता झकास, पण ती चमक प्लास्टिकच्या पट्टीवरची होती. धातूची जर आणि प्लास्टिकची जर यांतला फरक ओळखायची ही रीत सराफाला ठाऊक नसेल, पण तेवढ्यापुरती ती सहसा चुकत नाही.

१९९०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये मॅगी ऑर्थ, रेहमी पोस्ट आणि त्यांचे सहकारी कापडातच विजेचं सर्किट बसवायच्या खटपटीत होते. त्यांना लागणारं कापड त्यांनी नव्यानं शोधून काढलं नाही, ते बाजारात तयार मिळालं. ताणा साध्या रेशमाचा आणि बाणा तांब्याचा पातळ पत्रा गुंडाळलेल्या रेशमाचा. या धर्तीचं कापड भारतात निदान शंभर वर्षं विणलं जातं, असं त्यांनीच २००० साली आयबीएमच्या नियतकालिकातल्या लेखात नोंदवलं. हे वाचून छाती फुगवणाऱ्यांच्या पंगतीत मला बसायचं नाही. जरीतून वीज जाते याचा विचार येवल्याच्या विणकरानं कधी केला नव्हता आणि त्याला करायचं कारणही नव्हतं. त्यानं सोडवलेला प्रश्न निराळा होता. धातू अंगावर घ्यायचा, पण तो टोचता कामा नये, घडी घातली तर मोडता कामा नये, खांद्यावरून घसरताना त्यानं रेशमासारखंच घसरलं पाहिजे. आज प्रयोगशाळांमधून आरोग्यावर नजर ठेवणाऱ्या कापडांचे जे नमुने बाहेर पडताहेत, त्यांतली वीज बहुतेक जमलेली आहे. अडलंय ते विणकराच्या प्रश्नापाशी.

ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नायलॉनच्या धाग्यावर चांदीचा थर चढवतात. तो धागा बनियनसारख्या अंगाबरोबरच्या कपड्यात ठरावीक जागी विणतात. छातीपाशी त्याचा चौकोन आला की तो हृदयाचा विद्युत-संदेश टिपतो. बरगड्यांभोवती पट्टा आला की श्वासाबरोबर तो ताणला जातो, ताणला की त्याचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून श्वास मोजता येतो. यातली एक गंमत नजरेतून सुटू नये. विणीचे टाके एकमेकांवर सरकतात म्हणून विद्युतरोध बदलतो, आणि हृदयाचा आलेख काढताना नेमकी हीच सरकासरक नकोशी असते. एका कामात खोड, दुसऱ्या कामात उपयोग.

चांदीच्या धाग्यानं हृदय ऐकायची कल्पना मात्र जुनी आहे. लायडनच्या विलेम आइंटहोवेननं विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर हृदयाचा आलेख काढायचं जे यंत्र उभं केलं, त्याचा प्राण म्हणजे चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये ताणून धरलेला, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा अतिसूक्ष्म तंतू. हृदयाची वीज त्यातून गेली की तंतू हलायचा आणि त्याच्या सावलीचा फोटो निघायचा. यंत्राचं वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसं. रुग्णानं दोन्ही हात आणि डावा पाय खाऱ्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचं. १९०५ साली आइंटहोवेननं इस्पितळातल्या रुग्णाचा आलेख टेलिफोनच्या तारेवरून दीड किलोमीटर दूरच्या आपल्या प्रयोगशाळेत उतरवून घेतला. १९२४चं नोबेल त्याला मिळालं. धागा तेव्हा यंत्रात होता आणि माणूस त्याच्याजवळ जाऊन बसत होता. आता धागाच माणसाच्या अंगावर येऊ पाहतोय.

खरी झटापट इथून सुरू होते. हृदयाची वीज कातडीवर उमटते ती जेमतेम एक मिलिव्होल्टची. रिमोटमधल्या पेन्सिल सेलचा दाब दीड व्होल्ट असतो, त्याचा हा दीड हजारावा भाग. कातडीचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर कोरडा असतो, तो ही वीज सहजी बाहेर सोडत नाही. म्हणून दवाखान्यात गार जेली चोपडतात, छातीला रबरी फुगे लावतात, मनगटाला चिमटे, आणि वर बजावतात, “हलू नका.” कापडाला यातलं काहीच करता येत नाही. दिवसभर जेली लावून कुणी हिंडणार नाही आणि न हलणारा माणूस कपड्याच्या काय कामाचा? मग उरतो एकच उपाय, कापड कातडीवर घट्ट दाबून धरायचं. सैल ठेवलं तर ते घासतं, घासण्यातून स्वतःची वीज तयार होते आणि त्या गोंगाटात हृदय हरवतं. घट्ट केलं तर हृदय लख्ख ऐकू येतं, पण माणूस तासाभरात तो कपडा काढून खुंटीला टांगतो. घाम या भांडणात मध्यस्थी करतो. तो खारट असल्यानं थोड्या वेळात जेलीचं काम आपणहून करू लागतो. मात्र तोच घाम पुढे चांदीला काळं पाडतो.

म्हणून या विद्येचे आरंभीचे वापरकर्ते कोण होते ते पाहावं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये सुंदरेसन जयरामन यांच्या गटानं १९९६च्या सुमारास एक बनियन विणलं. पैसा अमेरिकी नौदलाचा होता. बनियनभर प्रकाशतंतू एकाच सलग नागमोडी वाटेनं फिरवलेला. सैनिकाला गोळी लागली की तंतू कुठे तुटला त्यावरून जखमेची जागा कळायची. २०१८-१९ मध्ये कॅनडाचा अंतराळवीर दाविद सँ-जाक यानं आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात असाच नाडी-श्वास-तापमान टिपणारा सदरा घालून पाहिला. सैनिक आणि अंतराळवीर या दोघांना काय घालायचं ते वरून सांगितलेलं असतं. ‘मला टोचतंय’ ही तक्रार त्यांच्या सेवानियमांत बसत नाही. त्यांच्या अंगावर यशस्वी झालेला कपडा सासुरवाशिणीच्या किंवा तुरीच्या रानात वाकलेल्या मजुराच्या अंगावर यशस्वी होईल असं धरून चालणं हे मला या क्षेत्रातलं सर्वांत मोठं गृहीतक वाटतं.

आराम मोजता येतो का? लोकांनी मोजला आहे. १९४१ साली गॅगी, बर्टन आणि बॅझेट या तिघांनी कपड्याच्या उबेसाठी ‘क्लो’ नावाचं एकक सुचवलं. एक क्लो म्हणजे काय, तर सुमारे २१ अंश सेल्सिअसच्या, हवा खेळती असलेल्या खोलीत स्वस्थ बसलेल्या माणसाला सुखकर वाटेल एवढं वस्त्र, व्यवहारात एक सूट. उबेचं माप ठरलं ते खुर्चीत बसलेल्या सुटातल्या गृहस्थावर! पुढे १९७०च्या दशकात क्योटोचे सुएओ कावाबाता यांनी अधिक शहाणपणाची वाट धरली. गिरण्यांतले कापड चाचपण्यात हयात घालवलेले जाणते लोक त्यांनी गोळा केले, त्यांच्या बोटांना काय कळतं ते विचारलं आणि त्या उत्तरांशी ताडून वाकवणं, ताणणं, दाबणं, घासणं मोजणारी यंत्रं बसवली. आधी बोटं, मग यंत्र. इलेक्ट्रॉनिक कापडवाल्यांनी हा क्रम बहुधा उलटा ठेवला आहे.

आधी बोटांना विचारायचं तर मी दुबलगुंडीला जाईन. हे बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यातलं गाव. १९५६ साली हैदराबाद राज्याचा हा पट्टा म्हैसूर राज्यात गेला, म्हणजे आजच्या कर्नाटकात, पण घराघरांतली मराठी काही त्या वर्षी बस धरून निघून गेली नाही. इथे एकाच ओट्यावर कन्नड, मराठी आणि दखनी अशा तिन्ही बोली चालतात आणि अंथरायच्या गोष्टीला कुणी वाकळ म्हणतं, कुणी कौदी. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशीच्या पार जातं. अशा वेळी बाईच्या अंगावर काय असतं? म्हाताऱ्यांच्या अंगावर अजून इरकली लुगडं आणि खणाची चोळी. मधल्या वयाच्या बायकांच्या अंगावर साडी, परकर, ब्लाऊज. घरात मात्र बहुतेकींचा सैलसर गाऊन आणि वरून खांद्यावर टॉवेल. या गाऊनची टिंगल करणाऱ्या पुरुषांनी मे महिन्यात एकदा चुलीपुढे उभं राहून पाहावं. वस्त्राच्या आरामाबद्दल गेल्या पन्नास वर्षांत देशातल्या बायकांनी स्वतःच्या बळावर दिलेला तो सर्वांत स्पष्ट निकाल आहे, आणि तो सैलपणाच्या बाजूनं आहे.

घट्टपणाची किंमत आपल्याकडे वैद्यकाच्या कागदपत्रांत नोंदलेली आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी १९४५ साली रूढींतून येणाऱ्या कर्करोगांवर लेख लिहिला, त्यात कमरेला धोतर जिथे वर्षानुवर्षं काचतं तिथे उद्भवणाऱ्या कर्करोगाचं वर्णन आहे. अगदी अलीकडे, २०२४ मध्ये, वर्धा आणि मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन बायकांची हकीकत छापली. एकीचं वय ७०. परकराची नाडी जिथे आवळली जायची तिथे तिला दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. ती परकर न घालता चाळीस वर्षं लुगडं नेसत आलेली, गाठ तेवढीच करकचून. दोघींनाही त्या जागी त्वचेचा कर्करोग निघाला, आणि दुसरीचा तर जांघेतल्या गाठींपर्यंत पोचलेला. असं क्वचितच होतं, पण होतं. घाम, उष्मा, घर्षण आणि न सुटणारा दाब एवढीच त्याची सामग्री. कातडीवर कापड सतत दाबून धरणं ही ज्या यंत्राची मूळ अट आहे, त्याच्या रचनाकारानं हे दोन केस-पेपर आपल्या टेबलावर ठेवले पाहिजेत.

मग धुण्याचा प्रश्न. गुगल आणि लीव्हाइस यांनी २०१७ साली बाहीत वीज वाहणारे धागे विणलेलं एक जॅकेट विकायला काढलं. किंमत ३५० डॉलर, आणि ते सुमारे दहा वेळाच धुता येईल असं सांगितलं जाई. २०२३ मध्ये त्यामागची सेवाच बंद झाली. दहा धुणी! दुबलगुंडीत बोअरच्या नळाजवळच्या दगडावर हे पंधरवड्यात उरकेल. जड पाणी, निळी साबणाची वडी, पिळा, आपट, उन्हात वाळव. चांदीचा थर पिळताना तडकतो, साबणानं झिजतो आणि प्रत्येक धुण्यागणिक विद्युतरोध वाढत जातो. या धोपटीसमोर टिकलं तर ते कापड, नाहीतर तो नुसता नमुना. बाराव्या शतकात इथून जवळच्याच कल्याणात, आजच्या बसवकल्याणात, बसवेश्वरांच्या शरणांमध्ये मडिवाळ माचय्या नावाचा परीट होता आणि त्याच परंपरेत त्याच्याआधीचा जेडर दासिमय्या विणकर होता. विणणारा आणि धुणारा या दोघांना एकाच मानानं पंगतीला घेणारा हा मुलूख आहे. कापडाच्या नव्या शास्त्रानं अजून फक्त विणणाऱ्याला घेतलंय. धुणारी बाई त्यांच्या कुठल्याच बैठकीला हजर नसते.

यंत्र साधं ठेवूनही नजर ठेवता येते याचं उत्तम उदाहरण मराठी मुलखातलंच आहे. गडचिरोलीत ‘सर्च’च्या अभय आणि राणी बंग यांनी १९९२ साली एका श्वासमापकाची माहिती प्रसिद्ध केली. बाळाला न्यूमोनिया झालाय की नाही हे श्वासाच्या वेगावरून ठरतं, पण गावातल्या दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं. मग एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी अशी पाटी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली तर न्यूमोनिया. बाळाच्या अंगाला यातलं काहीच लागत नाही, ते नुसतं बाळाकडे बघतं. पुढे नवजात बाळांच्या घरोघरी सेवेचा जो प्रयोग त्यांनी केला, त्यात ऊब टिकवणारी शिवलेली पिशवीही होती. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या पिशवीत धागा साधाच होता. जागरूकपणा होता तो पिशवी घेऊन दारी येणाऱ्या आरोग्यदूत बाईत.

याचा अर्थ चांदीचा धागा फालतू आहे असा नाही. श्वास डोळ्यांना दिसतो, हृदयाची लय दिसत नाही. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड नट पुनीत राजकुमार वयाच्या ४६व्या वर्षी हृदयविकारानं गेला तेव्हा या भागातलं गावन् गाव हळहळलं. पुढे त्याच्याच नावानं कर्नाटक सरकारनं ‘हृदय ज्योती’ योजना काढली. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाचा आलेख तालुक्याच्या रुग्णालयात काढायचा, जयदेव हृदयरोग संस्थेसारख्या केंद्राकडे पाठवायचा, संगणकाच्या मदतीनं तो लगेच वाचायचा आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन जागच्या जागी मोफत टोचायचं. जयदेवची शाखा कलबुर्गीत आहे. आइंटहोवेनची दीड किलोमीटरची तार आता जिल्ह्याजिल्ह्यांमधून धावू लागली आहे. तरी एक दुवा तुटकाच राहतो, तो म्हणजे तालुक्याला पोचेपर्यंतचा वेळ आणि त्याहून आधीचा, ‘पित्त झालंय, सोडा पिते’ म्हणत घरात काढलेला वेळ. बायका तो फार काढतात. येऊन-जाऊन धडधडणारी, डॉक्टरसमोर नेमकी गप्प बसणारी लय पकडायची तर आलेख घरीच, कामाच्या रगाड्यात निघाला पाहिजे. तिथे कापड कामी येईल.

मग ते कापड कोणतं? शहरी नमुना पुरुषाच्या तंग बनियनवर बेतलेला आहे. तो सुनेला देऊन पाहा, सासूच्या आधी तीच हसेल. माझं लक्ष चोळीकडे जातं. खणाची जुनी चोळी नीट पाहिली तर तिच्यात बटण नाही, हूक नाही. त्रिकोणी ठिगळं जोडून तिला आकार दिलेला, पाठ सपाट, आणि पुढे बरगड्यांच्या खाली दोन टोकांची गाठ. धावपटू हृदयगतीचा पट्टा बांधतात तो बरोबर याच जागी. वर चोळीचा ताण नेसणारीच्या हातात असतो. जेवण झालं, गाठ सैल केली, अंगावर पाजायचं असलं, सोडली, रानात निघाली, आवळली. दाब किती हवा हे दिवसातून चार वेळा स्वतः ठरवायची सोय असलेला कपडा इथे आजीच्या पेटीत घडी घालून ठेवलेला आहे. गावातला शिंपी गाठीच्या दोन्ही अंगांना आतून दोन लहान खिसे शिवू शकतो. त्यांत चांदीच्या विणीच्या दोन चकत्या बसतील, टिचबटणांनी लागणाऱ्या आणि निघणाऱ्या. धुणं दगडावर जायच्या आधी चकत्या डब्यात ठेवल्या की झालं. बाकीचं कापड आपटा, पिळा, कसंही.

निघणाऱ्या चकत्यांचा आग्रह धरायला मला धुण्याहून मोठं कारण दिसतं. कापड टोचलं नाही, काचलं नाही, घाम शोषून घेतला, एवढ्यानं ते सुखाचं होत नाही. ज्या कपड्यात आपण एकटे असतो तोच खरा सुखाचा. एकत्र कुटुंबात बाईला दिवसातून एकटेपणा मिळतो तो न्हाणीत आणि अंगातल्या चोळीतच. तिचा ठोका कधी चढला, कधी उतरला, रात्री ती किती वेळ जागी होती, हे सगळं कापड सांगू लागलं तर ऐकणारा डॉक्टरच असेल याची हमी कोण देणार? फोन घरात बहुधा एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायची सोय ठेवायला सांगितलं आहे, म्हणजे दुबलगुंडीच्या बाईला ती मराठीत किंवा कन्नडात मागता येईल. मागेल का, हा प्रश्न निराळा. अंगठा कुणाचा आणि बोट धरून टेकवणार कोण, हे सीमाभागात काय आणि मध्यभागात काय, सारखंच आहे. जे कापड इतकं मऊ की अंगावर असल्याचंच विसरायला होतं, त्याची मला टोचणाऱ्या कापडाहून अधिक धास्ती वाटते. टोचणारं कापड निदान आपण आहोत एवढं कळवतं तरी.

म्हणून वस्तू विकत देण्याऐवजी उसनी द्यावी. हृदयाची तक्रार असलेल्या किंवा बाळंतपणात रक्तदाब चढलेल्या बाईला डॉक्टर सांगतील तेवढ्याच दिवसांसाठी आशाताईनं चकत्या आणून चोळीत बसवून द्याव्यात, नोंद घरच्या फोनवर न उतरवता आपल्याजवळच्या यंत्रात घ्यावी, ती कलबुर्गीला पाठवावी, आणि मुदत सरली की चकत्या स्पिरिटनं पुसून पिशवीत टाकून पुढच्या घरी जावं. खिसे शिवल्याचे शिंप्याचे पैसे आरोग्य खात्यानं द्यावेत, कारण ते काम मीटरमध्ये नाही तर मापात बसतं, आणि माप दर बाईचं वेगळं. रिकाम्या खिशांचं पुढे काय करायचं ते बाई पाहील. बसच्या तिकिटापुरत्या नोटा ठेवायला जागा तशी बरी आहे.